वाट, बाजार आणि शेजारधर्म

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने काही थोर विषय घ्यावा, अशी रूढी आहे. मी मात्र आज आपणापुढे अगदी लहान विषय मांडणार आहे. एस. टी.ची गाडी, आठवड्याचा बाजार, जत्रेतला तमाशा, देवळातले कीर्तन, फाट्यावरचा चहा, ह्या गोष्टी इतक्या नित्याच्या आहेत की त्यांवर व्याख्यान ते काय द्यावयाचे, असे कोणासही वाटेल. परंतु घराचा पाया जसा डोळ्यांस दिसत नाही, तशाच ह्या गोष्टी होत. खेडे एकत्र नांदते ते त्यांच्यावर. आणि त्या खचू लागल्या म्हणजे भिंतीस तडे जातात. हे नुसते कल्पनेने न सांगता एका खऱ्या गावाच्या आधाराने सांगतो.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी नावाचे खेडे आहे. त्या मुलखात अंतरवाली नावाची गावे एकाहून अधिक. घनसावंगी तालुक्यात अंतरवाली टेंभी आहे. म्हणून ओळख पटावी यासाठी नावास दुसरे नाव जोडावे लागते. सोलापूर-धुळे महामार्गावर वडीगोद्री लागते, तेथून हे गाव जवळच. दक्षिणेस शहागडापाशी गोदावरी वाहते व पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो. काळी जमीन, कापूस, ऊस, मोसंबीच्या बागा, पावसाकडे लागलेले डोळे: मराठवाड्यातील शेकडो गावांसारखेच हे एक गाव. इ. स. 2023 च्या श्रावणापर्यंत तालुक्याबाहेर त्याचे नाव क्वचितच कोणी घेतले असेल.

पुढे काय झाले हे आपण जाणता. 29 ऑगस्ट 2023 रोजी श्री. मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी तेथे उपोषण आरंभिले. 1 सप्टेंबरास पोलिसांचा लाठीमार झाला आणि एका रात्रीत ते नाव महाराष्ट्रभर घरोघर पोहोचले. 14 ऑक्टोबर रोजी त्याच गावाच्या शिवारात लाखोंच्या संख्येने लोक जमले. ज्या रस्त्याने बैलगाड्या व उसाचे ट्रॅक्टर जात, त्या रस्त्याने मंत्री, वार्ताहर व दूरदूरच्या जिल्ह्यांतील माणसे येऊ लागली. मग जून 2024 मध्ये, तेथून थोड्याच अंतरावर, वडीगोद्रीस दुसरा मांडव पडला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणास धक्का लागू नये म्हणून श्री. लक्ष्मण हाके व श्री. नवनाथ वाघमारे उपोषणास बसले. वाट एक आणि तिच्यावर मांडव दोन!

कोणाची मागणी रास्त व कोणाची नाही, ह्याचा निवाडा करण्यास मी येथे उभा राहिलो नाही. पाऊस न आल्यास दोघांचीही शेते सारखीच करपतात आणि मुलास नोकरी न लागल्यास दोन्ही घरांतील माउलीचा जीव सारखाच तुटतो. माझा प्रश्न निराळा आहे. मांडव आज असतात, उद्या उठतात. पुढारी येतात आणि जातात. परंतु ज्यांना त्याच विहिरीवर, त्याच दुकानात, त्याच शाळेच्या ओट्यावर जन्मभर एकमेकांची तोंडे पाहावयाची आहेत, त्यांचे काय? ती काळजी केवळ अंतरवाली व वडीगोद्रीची नव्हे, ती साऱ्या महाराष्ट्राची आहे.

म्हणून प्रथम प्रवासाचा विचार करू. मराठवाडा निजामाच्या राज्यात असता, इ. स. 1932 साली निजाम राज्य रेल्वेच्या मोटारखात्याने 27 गाड्या व 166 नोकरांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. मुंबई इलाख्यात पहिली एस. टी. 1 जून 1948 रोजी अहमदनगर ते पुणे अशी धावली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरास मराठवाडा मुक्त झाला. इतिहासकार ह्या घटना दळणवळणाच्या प्रकरणात लिहितील. मी त्या समाजशिक्षणाच्या प्रकरणात लिहीन. कारण ज्या गावात कोणी कोठे बसावे हे जन्माने ठरत होते, त्या गावातला मनुष्य मोटारीत चढला म्हणजे त्याची जागा तिकिटाने ठरू लागली. पाटील, कुंभार, महार, मुसलमान, ख्रिस्ती एकाच बाकावर दाटीवाटीने बसले. ‘जरा सरका’ हे दोन शब्द आपल्या एस. टी.चा खरा मंत्र होत. जो सरकतो त्याचे काही जात नाही, आणि जो उभा असतो त्यास बसावयास मिळते. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांस मोफत प्रवास मिळू लागला व 17 मार्च 2023 पासून स्त्रियांस निम्मे भाडे झाले. ज्या आजीस लेकीच्या गावी जावयाचे तर मुलाकडे पैसे मागावे लागत, ती आता आपली पिशवी उचलून फाट्यावर येते. ही लहान गोष्ट नव्हे.

प्रवासाचे दुसरे टोक म्हणजे बाजार. बाजारात मनुष्य केवळ मीठमिरची घेत नाही. तो बातमी घेतो, सोयरीक जुळवितो, उधारी फेडतो, आजाऱ्याची विचारपूस करतो. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे, त्याच्याकडून भाजी घ्यावी लागते, आणि भाव करता करता अबोला सुटतो. दोन गटांत वितुष्ट आले असता ‘अमक्याच्या दुकानी जाऊ नका’ अशी भाषा प्रथम निघते, ती ह्याचसाठी. बाजार तोडला की शेजार तुटतो, हे भांडण लावणारास पक्के ठाऊक असते.

आता करमणुकीकडे वळू. शहागडावरून वाहणारी गोदावरी आधी पैठणास वळसा घालून येते, आणि पैठण हे एकनाथांचे गाव. सोळाव्या शतकात त्या थोर पुरुषाने भारुडे रचिली. त्यांत जोशी आहे, वासुदेव आहे, गोंधळी आहे, महारही आहे. गावगाड्यातील प्रत्येकास त्यांनी रंगभूमीवर उभे केले व त्याच्या तोंडून परमार्थ बोलविला. लोक हसावयास जमले आणि शहाणे होऊन घरी गेले. नाथांच्या निधनानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, इ. स. 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले. इंग्लंडात जन्मलेल्या त्या धर्मगुरूस सुमारे 11 हजार ओव्या रचाव्याशा वाटल्या, कारण ओवी ही कोणा एका जातीची वा पंथाची मिरास नव्हती. जात्यावर बसणारी कोणतीही बाई ती गात असे. आपल्या पूर्वजांचा विश्वास मराठीच्या ह्या सामाईक ओसरीवर वाढला, हे ह्या महोत्सवात स्मरणात ठेवणे उचित होय.

पुढे चित्रपट आला. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ इ. स. 1936 मध्ये निघाला व पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. फिरत्या तंबूतून चित्रपट खेड्यांत पोहोचले. अर्धे गाव पडद्याच्या ह्या बाजूस, अर्धे त्या बाजूस, पण हसणे व रडणे एकाच वेळी. आता आपल्या काळातले उदाहरण घ्या. 29 एप्रिल 2016 रोजी श्री. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रकाशित झाला. त्यातील ‘झिंगाट’ हे गाणे वाजले नाही अशी वरात त्या वर्षी शोधून सापडली नसती. त्याच्या तालावर सर्व जातींची पोरे नाचली. पण जातीच्या अभिमानापायी दोन तरुण जिवांचा अखेरीस जो घात होतो, तो पाहून किती जण विचारात पडले? गाणे घेतले आणि गोष्ट सोडली, असेच पुष्कळ ठिकाणी घडले. चित्रपटाचा दोष नाही. त्याने आरसा पुढे धरला, आपण त्यात केस विंचरून घेतले.

आणि आज? आज प्रत्येकाच्या हाती त्याचा स्वतःचा पडदा आहे. एका ओसरीवर चौघे बसतात व चौघे चार निरनिराळ्या गोष्टी पाहतात. मोबाईलचे मी अवमूल्यन करीत नाही. परगावी ऊसतोडीस गेलेल्या बापास लेकराचा चेहरा त्यामुळे दिसतो, शेतकऱ्यास बाजारभाव कळतो. परंतु त्याची एक खोड आहे. ज्यास जे आवडते तेच ते पुन्हा पुन्हा त्याच्या पुढे आणते. ज्यास राग आवडतो त्यास ते दररोज नवा राग वाढते. मग शेजारचा रामभाऊ, ज्याने आपल्या बापाच्या तिरडीस खांदा दिला, तो रामभाऊ राहत नाही; तो ‘त्यांच्यापैकी एक’ होतो. येथेच भिंतीस तडा जातो.

याउलट एक दृश्य मला विसरता येत नाही. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस मराठा आंदोलक मुंबईत आझाद मैदानावर गेले असता गावोगावच्या चुलींवरील भाकरी, ठेचा व लोणची गाड्या भरभरून मुंबईस गेली. जे हात एवढ्या भाकरी थापू शकतात, त्या हातांना शेजारच्या आळीत एक ताट पाठविणे कठीण नाही. त्याच मुलखातील दुसऱ्या मांडवातल्या हातांविषयीही मी हेच म्हणेन. अन्न देण्याची वृत्ती मेलेली नाही. तिला केवळ आपली माणसे व परकी माणसे ही रेघ ओलांडावयाची आहे.

प्रभू येशूने शेजारधर्म शिकविताना जो दाखला दिला, तोही वाटेवरचाच आहे. जेरुसलेमहून यरीहोस जाणारा रस्ता, लुटलेला वाटसरू, आणि ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवीत नसत असा शोमरोनी. त्याने जखमीची जात विचारली नाही. आपल्या जनावरावर त्यास बसविले व स्वतः पायी चालला. म्हणजे तोही सरकला, असे म्हणा ना!

आपण ख्रिस्ती जन पुष्कळ गावांत संख्येने थोडे आहो. थोड्यांना शेजाराची किंमत अधिक कळते, आणि थोड्यांकडे दोन्ही बाजूंचे लोक निःशंकपणे येऊ शकतात. हे आपले बळ आहे, आणि आपले कर्तव्यही. म्हणून सणाच्या दिवशी आपल्या अंगणात सर्व आळींच्या लोकांस बोलवा. त्यांच्या सप्ताहास, लग्नास, मयतास न बोलावताही जा. बाजारात ज्याच्याकडून नेहमी घेता त्याच्याकडूनच घेत जा, मग वारे कोणतेही वाहो. कोणी द्वेषाचा मजकूर पाठविला तर तो आपल्या हातून पुढे जाऊ देऊ नका. आणि महिन्यातून एक संध्याकाळ तरी असे भजन, असे नाटक, असे भारुड होऊ द्या, की जे पाहण्यास सारे गाव एकाच चटईवर बसेल.

अंतरवाली सराटीचे नाव इतिहासात कसे लिहिले जाईल, हे पुढील पिढी ठरवील. तेथील व आपल्या गावातील माणसे उद्या सकाळी फाट्यावर एकमेकांस पाहून तोंड फिरवितील की ‘जरा सरका’ म्हणतील, हे मात्र आजच्या पिढीच्या हाती आहे.