मुंगसाची परदेशवारी आणि बांधावरची धामण



उपद्रवी प्राण्याचा बंदोबस्त त्याच्या नैसर्गिक शत्रूकडून करवून घ्यावा, ही कल्पना मोठी आकर्षक आहे. तथापि शत्रू परका असल्यास काय घडते, हे भारतातील मुंगसानेच जगाला दाखविले आहे.

१८७२ साली जमैका बेटावरील एका ऊसमळेवाल्याने उंदरांच्या नाशासाठी भारतातून ९ मुंगूस नेले. आरंभी उंदीर घटले, इतर बेटांकडूनही मुंगसांना मागणी आली. पुढे मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे व कोंबड्यांकडे मोर्चा वळविला.

हे ठाऊक असूनही १९७९ साली जपानच्या अमामी ओशिमा बेटावर हाबू या विषारी सापासाठी सुमारे ३० मुंगूस सोडण्यात आले. साप-मुंगसाचे वैर गारुड्याच्या खेळात शोभते; परंतु हाबू रात्रीचा, मुंगूस दिवसाचा, दोघांची गाठ पडावी कशी? हाबू राहिला. केवळ तेथे व शेजारच्या एका बेटावर आढळणारा काळसर, आखूड कानांचा ससा मात्र मुंगसाच्या तोंडी पडला. २००० च्या सुमारास मुंगसांची संख्या १० हजारांवर गेल्याचा अंदाज होता. २००५ पासून खास पथक, हजारो सापळे व शिकविलेली कुत्री कामाला लागली. शेवटचा मुंगूस २०१८ साली पकडला गेला आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा होण्यास सप्टेंबर २०२४ उजाडला.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला असा पाहुणा आणण्याचे कारणच नाही. उंदरामागे बिळात शिरणारी बिनविषारी धामण बांधावर आहे. रात्रपाळी गव्हाणी घुबडाकडे आहे. दोघांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. तरीही गाईचे दूध पिते म्हणून धामण ठेचली जाते, अशुभ म्हणून घुबड हुसकले जाते. वास्तविक सापाच्या तोंडाची रचना दूध चोखण्याजोगी नसतेच. घुबडाचा पुरावा तर शिक्षकांना वर्गातच दाखविता येईल. पडक्या वाड्यात त्याच्या बैठकीखाली सापडणाऱ्या, त्याने ओकून टाकलेल्या गोळ्या फोडल्या, की उंदरांच्या कवट्या व केस दिसतात.

विषारी आमिषाबाबत मात्र सावधगिरी हवी. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तपणे हिंडतो, आणि असा उंदीर घुबडाला सहज सापडतो. विष घुबडाच्याही पोटात जाते. यास्तव घुबडाची जोडी वस्तीला असेल त्या शिवारात ग्रामपंचायतीने सापळे लावणे व बिळे खणणे हेच उपाय प्रथम योजावेत.