टोल्याचे बळ

गुरुजनहो, चारठाण्याच्या माळावर विटीदांडू खेळणाऱ्या मुलाचा टोला जवळच पडला, की ते दंडाचा जोर वाढविते. उणीव बहुधा जोराची नसून क्रमाची असते. टोल्याचा आरंभ पायांपासून होतो. मागील पायावरील भार पुढे येतो, कंबर वळते, तिच्यामागून खांदा, नंतर हात व शेवटी मनगट. हात आधी धावल्यास कमरेचे बळ वाया जाते. सॉफ्टबॉलच्या फटक्यातही हाच क्रम असतो. तेव्हा प्रथम विटीवाचूनच हा क्रम सावकाश घोटवून घ्यावा. विटी डोळ्यास इजा करू शकते. म्हणून खेळताना इतरांस दूर उभे करावे. मात्र किरकोळ अंगाच्या मुलास दुबळे म्हणून कडेला बसवू नये. क्रम साधला, की त्याचाही टोला लांब जाईल.