दुप्पट नव्हे, नेमका आहार



'दोन जिवांची बाई, दोघांचे जेवायला हवे,' असे म्हणत घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया गर्भवतीच्या ताटात आग्रहाने वाढतात. या आग्रहामागे माया आहे आणि अनुभवही आहे. दुष्काळ, अर्धपोटी श्रम आणि अशक्त माता पाहिलेल्या समाजाला गर्भवतीने भरपूर खावे असे वाटणे स्वाभाविकच होते. परंतु आता चित्र पालटत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. तरीही सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमीच होते. एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात, हे दोन्ही प्रश्न नांदत आहेत.

भरलेले अंग, पण पोषण अपुरे

अंगाने भरलेली गर्भवती पाहिली की तिला काही कमी नाही, असा समज होतो आणि तिच्याकडे लक्ष देण्याचे राहून जाते. हा समज घातक आहे. वरील सर्वेक्षणातच निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास केला. तेथील निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. तसेच आपल्याकडील बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असेही आढळले. वजन आणि पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच यावरून सिद्ध होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन गर्भारपणापूर्वी सुमारे ६८ किलो असेल तर ती स्थूल ठरते. भारतीयांसाठी ही मर्यादा आणखी खाली, सुमारे ५६ किलोवर, धरली जाते. अशा मातेस गर्भारपणातील मधुमेह, रक्तदाबवाढ, अवघड प्रसूती आणि शस्त्रक्रिया यांचा धोका अधिक असतो. धोका अधिक याचा अर्थ संकट अटळ, असा मात्र नव्हे. वेळेवर तपासणी आणि आहार-विहारातील शिस्त यांनी पुष्कळ काही साधते.

ताटाचे माप

पहिली गोष्ट ही की, गर्भारपण हा वजन उतरविण्याचा काळ नव्हे. उपाशी राहणे, कडक उपवास करणे किंवा एक वेळचे जेवण तोडणे यामुळे मातेचे व बाळाचे नुकसानच होते. वजन आटोक्यात वाढावे, एवढेच उद्दिष्ट असावे. अमेरिकेतील २००९ च्या शिफारशींनुसार सामान्य वजनाच्या मातेचे वजन साडेअकरा ते सोळा किलो, तर स्थूल मातेचे पाच ते नऊ किलो वाढणे पुरेसे असते. प्रत्येकीचे नेमके लक्ष्य मात्र तिच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात भारतीय स्त्रीस दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. एक मध्यम भाकरी, वाटीभर वरण आणि अर्धा पेला दूध एवढ्यात ते भागते. स्थूल मातेस याहूनही कमी पुरते. म्हणजे दुप्पट जेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्वारी, बाजरी वा नाचणीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, ताक, चालत असल्यास अंडे व मासे आणि रस न काढता अख्खे फळ, असा आहार थोडा थोडा करून दिवसातून पाच-सहा वेळा घ्यावा. साखरेचा चहा, बिस्किटे, फरसाण, तळलेली वडी-भजी, सरबते आणि साबुदाणा यांना आवर घालावा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. सातव्या महिन्यातील डोहाळेजेवण अवश्य व्हावे. मात्र गोडाच्या ताटाऐवजी फळे, सुकामेवा व कोशिंबिरींनी ओटीचा मान राखता येतो.

चालणे हेच औषध

डॉक्टरांची मनाई नसेल तर आठवड्यातून एकूण १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम गर्भवतीस योग्य होय, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. सवय नसलेल्या स्त्रीने रोज दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी व हळूहळू ती अर्ध्या तासापर्यंत न्यावी. चालताना बोलता यावे, इतपतच दम लागावा. शेतात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीस मात्र व्यायामापेक्षा विश्रांतीची गरज अधिक असते. रक्तस्राव, पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर किंवा पोटरीला सूज यांपैकी काही जाणवल्यास चालणे थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा.

या उपायांचा उपयोग होतो काय? जगभरातील ४९ प्रयोगांतील अकरा हजारांहून अधिक गर्भवतींची माहिती २०१५ मध्ये एकत्र तपासली गेली. आहार, व्यायाम किंवा दोन्ही पाळणाऱ्या मातांमध्ये अवाजवी वजनवाढीचा धोका सरासरी २० टक्क्यांनी कमी आढळला.

गावाची जबाबदारी

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची मधुमेह तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हावयास हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी रक्तातील साखर १४० किंवा त्याहून अधिक भरल्यास प्रथम आहार व व्यायाम आणि दोन आठवड्यांत साखर आटोक्यात न आल्यास औषध, असा हा क्रम आहे. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय दवाखान्यांत मोफत तपासणी होते. त्या दिवशी अशा मातेस तेथे नेण्याची जबाबदारी आशाताईंएवढीच कुटुंबाचीही आहे.

उपकेंद्रातील वजनकाटा बरोबर आहे काय, संध्याकाळी स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल असा दिव्यांचा रस्ता गावात आहे काय, हे ग्रामपंचायतीने पाहावे. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय काढावा. आणि सर्वांनीच एक पथ्य पाळावे: स्थूल स्त्रीची थट्टा करू नये. थट्टेच्या भयाने जी माता काट्यावर उभी राहण्याचे टाळते, तिची तपासणी राहून जाते आणि त्याची किंमत दोन जिवांना मोजावी लागते. त्या दोन जिवांना दुप्पट अन्न नको. नेमका आहार, थोडे चालणे आणि वेळेवर तपासणी हवी.