पणजोबा गेले ते कशाने?

पनवेलच्या जुन्या घरांत एखादा मृत्यू असा असतो, की विचारलं तर वडीलधारी मंडळी ‘गेले अचानक’ एवढंच सांगतात. तारीख कुणालाच आठवत नाही. श्राद्धाची तिथी मात्र पाठ असते. शोध तिथूनच सुरू करावा. तिथी आणि साल हाती असलं, की त्या सालचं पंचांग तारीख देतं.

मग गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. हल्ली कुणबी नोंदींसाठी या वह्यांवर झुंबड असते. जातीचा रकाना सगळे बघतात, मृत्यूच्या कारणाचा कुणी वाचत नाही. वाचला तरी पुष्कळदा हाती लागतं ते ‘ताप’. कोतवालाला नाडी थोडीच बघता येत होती! जुनी वही मोडी लिपीत असेल, तर जाणकार गाठावा लागतो. आणि एक ध्यानात ठेवा : पनवेल तालुका 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आला. तेव्हा त्याआधीचे जिल्ह्याचे कागद अलिबागेत शोधत बसू नका.

एवढं करूनही नाव मिळालं नाही, तर? मृत्यूची नोंद होते ती माणूस जिथे मेला तिथे, घर असेल तिथे नव्हे. आपल्या तालुक्यातल्या शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात वारले. त्यांचा मृत्यू शिरढोणच्या वहीत कसा सापडावा?

घराबाहेरच्या मृत्यूचं आणखी एक उदाहरण : तिथी आषाढी अमावास्या आणि साल 1947 असेल, तर मी आधी ‘रामदास’ बोटीचा विचार करीन. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट 17 जुलैला काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला दिवसभर पत्ता नव्हता. म्हणून त्या तारखेच्या वर्तमानपत्रात काहीच मिळणार नाही. 18 जुलैपासून पुढचे अंक चाळा, बातमीखालची बारीक टायपातली नावंसुद्धा वाचा. आणि आडनावावर अडून बसू नका. जुन्या नोंदींत पुष्कळदा माणसाचं आणि त्याच्या बापाचं नाव, एवढंच असतं.