कायद्याचा अभ्यास आणि वतनाचा कागद

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त, कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही गिरणीतली माणसं. साच्यापुढं उभं राहून आयुष्य गेलं. पाळी सुटली की वाचनालय, तीच आमची शाळा आणि तेच कॉलेज. तेव्हा एल.एल.एम., पीएच.डी. करणाऱ्यांना संशोधन कसं करावं हे आम्ही काय सांगणार, असं कुणाला वाटेल. पण वस्तीतल्या लोकांबरोबर तलाठ्यापासून प्रांतापर्यंत कागदांची पिशवी घेऊन आम्ही पुष्कळ फिरलो आहोत. कोणता कागद कुठं सापडतो आणि कोणतं वाक्य साहेबापुढं टिकतं, एवढं आम्हाला कळलं आहे. तेवढंच सांगतो.

आधी घाटापलीकडची गोष्ट. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. पण त्यानंतर दहा वर्षं जो दावा चालला, त्याचा निकाल इथं किती जणांनी वाचला आहे? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही स्पृश्य मंडळींनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. महाडचं कोर्ट झालं, ठाण्याला अपील झालं, मग मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठानं फिर्यादींचं अपील फेटाळलं. आता आपल्या भाषणांतून, आणि प्रबंधांतूनसुद्धा, एक वाक्य फिरत असतं की उच्च न्यायालयाने त्या दिवशी अस्पृश्यता बेकायदेशीर ठरवली. निकालपत्र काढून वाचा. त्यात तसं नाही. तळ्यावर फक्त आमचाच हक्क, ही फार प्राचीन रूढी आहे, असं फिर्यादींचं म्हणणं होतं. ती रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का हे बघावं लागलं असतं, एवढं म्हणून कोर्ट थांबलं. अस्पृश्यता नष्ट केली ती संविधानाच्या कलम १७ ने, १९५० साली.

कुणी म्हणेल, दादा, तुम्ही आपलाच विजय लहान करताय. मुळीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रूढीच्या नावानं आपल्याला पाण्यापासून हाकललं, तिला कोर्टानं पुरावा मागितला आणि तिच्याकडं तो निघाला नाही! यापेक्षा मोठं काय हवं? पण हे मोठेपण निकाल वाचणाऱ्यालाच दिसतं. वाढवून सांगितलं की समोरचा वकील एका मिनिटात निकालपत्र उघडतो, आणि मग तुमच्या खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून निकाल वाचताना तीन रंगांची पेन्सिल घ्या. कोर्टानं काय ठरवलं, काय नुसतं बोलून दाखवलं आणि कशाला हातच लावला नाही, हे वेगवेगळं रंगवा. हल्ली मोबाईलला प्रश्न विचारून निकालांची नावं काढतात. तो कधी कधी न झालेले निकालही झोकात सांगतो. मूळ प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक नाव लिहू नका.

आता घाटाच्या अलीकडे, आपल्या दारात येऊ. महार वतनाच्या जमिनी. १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, तो बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात आणलेलं विधेयक, मग १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतनं नष्ट करणारा कायदा, १ ऑगस्ट १९५९ पासून लागू. ही साखळी सगळे लिहितात. (विधिमंडळातली भाषणं शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणे या मालेच्या दुसऱ्या खंडात आहेत. मुळातून वाचा, दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवू नका.) पण आपण पुणे जिल्ह्यात असलो तरी इथला बराच मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानातला. संस्थान विलीन झालं ८ मार्च १९४८ ला. मग त्याआधी इथल्या वतनाला मुंबईचा १८७४ चा कायदा लागूच होता, असं धरून कसं चालेल? विलीन प्रदेशातल्या संकीर्ण दुमाला जमिनींसाठी तर १९५५ चा कायदाच वेगळा आहे. म्हणून आम्ही म्हणतो, कायद्याचं नाव लिहिण्याआधी गाव कोणत्या हद्दीत होतं आणि कोणत्या तारखेला, हे लिहा. हवेलीच्या गावाचं उत्तर भोरच्या गावाला चिकटवू नका.

नावंही बदलतात. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ साली मान्यता दिली. उद्याचा विद्यार्थी राजगड म्हणून शोधील आणि जुना कागद वेल्हे म्हणून पडलेला असेल. भाटघर, पानशेत अशा धरणांखाली गेलेल्या गावांचं तर आणखी अवघड. जमीन पाण्यात, माणसं दुसऱ्याच तालुक्यात. कागद कुठं, ते आधी शोधायचं.

कागद शोधायचा म्हणजे नुसता आजचा सातबारा नव्हे. त्यावरच्या फेरफार क्रमांकाचा माग काढत मागं मागं जायचं. सहा नंबरची फेरफार नोंदवही, जुना हस्तलिखित सातबारा, 'इतर हक्क' या रकान्यातला शेरा. १९५८ च्या कायद्यानं जमीन आधी सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर वतनदाराला रिग्रँट, म्हणजे परत बहाल झाली. ती नवीन शर्तीची, कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता न येणारी. २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा पेपर वाचून अनेकांना या शर्तीचा अर्थ विचारावासा वाटला. आपल्या कित्येक घरांत तो आजही माहीत नाही.

वेल्ह्याकडच्या एका वस्तीत आम्ही एका विद्यार्थिनीबरोबर गेलो होतो. सातबाऱ्यावर रिग्रँटचा शेरा नव्हता, म्हणून तिनं वहीत लिहिलं, रिग्रँट झालं नाही. घरातल्या आजी सगळं ऐकत होत्या. उठल्या, ट्रंक उघडली, साडीच्या घडीतून एक पिवळी पावती काढली. रक्कम भरल्याची! आजींना अक्षरओळख नाही. सासऱ्यांनी सांगितलं होतं, हा कागद जाळू नको. पोरीनं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं : 'सातबाऱ्यावर नोंद आढळली नाही, कुटुंबाकडे रक्कम भरल्याची पावती आहे, फेरफार पाहणे बाकी.' आमच्या मते तिच्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं वाक्य हेच. काय पाहिलं, कुठं पाहिलं, काय पाहायचं राहिलं, सगळं त्यात आलं. 'नोंद सापडली नाही' आणि 'हक्क नाही' यांत आकाशपाताळाचा फरक आहे, आणि त्या फरकात एका घराची जमीन असते.

एक कडक गोष्ट सांगतो, रागावू नका. आजींचा कागद तुमच्या पदवीसाठी नाही. फोटो काढण्याआधी विचारा. गट नंबर आणि घरचं नाव प्रबंधात छापू नका, जमिनीवर टपलेले लोकही वाचतात. काम झालं की मराठीत दोन पानं लिहून त्या घरी नेऊन वाचून दाखवा. इंग्रजीत दोनशे पानं जरूर लिहा, परीक्षकाला ती लागतात. पण आजींना समजेल असं मराठीत मांडता आलं नाही, तर इंग्रजीतही नीट समजलेलं नाही असं आम्ही धरतो.

कार्यालयात कागद मिळत नसेल तर भांडत बसू नका. नकलेचा अर्ज द्या, पोच घ्या. तरी नाही मिळाला तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका; गाव, साल, फेरफार क्रमांक लिहा. कागद उपलब्ध नाही असं लेखी उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, प्रबंधात तोही पुरावा आहे. आणि मोडी शिका. संस्थानी काळातली बरीच दप्तरं मोडीत आहेत. वाचणारे म्हातारे झालेत.

येत्या पौर्णिमेपासून विहारात दर रविवारी सकाळी दहाला आपण कागद वाचायला बसणार आहोत. मुलांनी वह्या आणाव्यात, घरच्यांनी ट्रंकेतले कागद. फक्त झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच, साडीच्या घडीत राहू द्या. जयभीम!