कणाचा अंगरखा



कामगार चळवळीतल्या माणसाने रसायनशास्त्रावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु वीज कशी निर्माण होते आणि ती निर्माण करताना कोणाचे हात कशात बुडतात, हे दोन प्रश्न आम्ही वेगळे मानीत नाही. म्हणून आजचा विषय.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा अतिसूक्ष्म स्फटिक. त्याची रुंदी अवघी काही नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पदार्थ तोच ठेवून कण लहानमोठा केला, की तो कोणता प्रकाश शोषून घेईल हे बदलते. एकिमोव्ह यांनी काचेत आणि ब्रुस यांनी द्रवात हे दाखविले. बावेंडी यांनी १९९३ मध्ये एकसारखे कण बनविण्याची रीत दिली. तिघांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सौरघटासाठी शिसे आणि गंधक यांचा कण घ्या. तो इतका लहान, की त्याचे पुष्कळसे अणू पृष्ठभागावरच असतात. आतल्या अणूला चहूकडून सोबती असतात; पृष्ठभागावरच्या अणूचा एखादा हात मोकळा राहतो. उन्हाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन अशा मोकळ्या जागी अडकला, की त्याची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. तो हात धरून ठेवणारा जो रेणू, त्याला लिगँड म्हणतात. तो कणाचा अंगरखाच होय.

कण बनविताना बहुधा ओलेइक आम्लाचा अंगरखा असतो. हे आम्ल परके नव्हे. आपल्या शेंगदाण्याच्या तेलाचा तो एक मोठा घटक आहे. त्याचे एक टोक शिशाला धरते आणि अठरा कार्बनची साखळी शेपटीसारखी बाहेर राहते. या शेपट्यांमुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. पण घटात गेल्यावर त्याच शेपट्या कुंपण होतात. इलेक्ट्रॉनला एका कणावरून दुसऱ्यावर जायचे असते. मधले अंतर थोडे वाढले, तरी ते जाणे झपाट्याने कठीण होते.

मग अंगरखा काढूनच टाकावा काय? तसे केले तर हात पुन्हा मोकळे! म्हणून तो बदलतात. दोन कार्बनचा इथेनडायथायॉल, किंवा मुळीच शेपटी नसलेला आयोडाइड. कणांचा पातळ थर द्यायचा, नव्या लिगँडचे द्रावण ओतायचे, सुटलेले आम्ल धुऊन काढायचे. थर आकसतो, भेगा पडतात. त्या बुजविण्यास पुन्हा थर, पुन्हा धुणे.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत २०१४ मध्ये आयोडाइडचे थर खाली आणि इथेनडायथायॉलचे वर असा घट उघड्या हवेत तयार झाला. कण तेच, अंगरखे दोन. त्यामुळे इलेक्ट्रॉनला उलट वाटेने जाणे अवघड झाले. उन्हातल्या शक्तीपैकी ८.५५ टक्के वीज मिळाली. पुढे दक्षिण कोरियातील उल्सान येथे पेरोव्हस्काइट जातीच्या कणांचा अंगरखा बदलून १८.१ टक्क्यांपर्यंत मजल गेली. ते काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. छपरांवरच्या आजच्या चांगल्या सिलिकॉन तावदानांचा आकडा वीस टक्क्यांच्या वर आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आता आमचा प्रश्न. या दोन्ही कणांत शिसे आहे. शिसे मज्जातंतूंना आणि मूत्रपिंडांना बाधते; १९४८ च्या कारखाना कायद्यात शिसेबाधा कळविण्याजोगा रोग म्हणून नोंदली होती, ती उगाच नव्हे. प्रत्येक थराचे धुणे म्हणजे शिशाचा अंश असलेले द्रावण. प्रयोगशाळेत ते चमचाभर. कारखान्यात ते पिंपांनी मोजावे लागेल. ते उचलणार कोण, आणि हातमोजे कोण देणार?

याचे उत्तर काही अंशी रसायनशास्त्रातच आहे. अंगरखा द्रवातच बदलून कणांची शाई बनवायची आणि ती एकदाच पसरायची, अशी रीत निघाली आहे. मग थरागणिक धुणे नको, माल वाया जाणेही कमी. शास्त्रज्ञ टक्क्यांसाठी तिच्याकडे पाहतात. आम्ही वाचलेल्या पिंपांसाठी पाहतो. स्वस्त विजेचा हिशेब मांडणाऱ्यांनी या दोन्ही रकमा एकाच वहीत लिहाव्यात, एवढेच आमचे मागणे.