चिप होती, पण...

जळगावहून धुळ्याला निघालो होतो. पारोळ्याला चहासाठी थांबलो. शेजारून वरात चालली होती. फटाक्यांची माळ फुटली आणि आमचा मोती हिसका देऊन पसार झाला. पट्टा माझ्या हातातच राहिला.

सुरुवातीला मी निर्धास्त होतो. त्याला चिप बसवली होती ना! पण ही चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवलेली. तिला बॅटरी नसते. कुत्रा कुठे आहे, हे ती सांगत नाही. यंत्र जवळ धरलं तर १५ आकडी क्रमांक दिसतो, एवढंच. गाई-म्हशींच्या कानातला १२ आकडी पिवळा बिल्ला निदान डोळ्यांनी वाचता येतो.

चौथ्या दिवशी कुणा भल्या माणसाने मोतीला धुळ्यातल्या पशुवैद्यांकडे नेलं. क्रमांक मिळाला, नोंदही सापडली. नोंदीत मात्र माझा बंद पडलेला मोबाइल नंबर! चूक माझीच. ब्रिटनमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना चिप सक्तीची आहे. तिथे पत्ता बदलल्याचं कळवलं नाही तर दंड होऊ शकतो. माझं नशीब, चिप बसवणाऱ्या डॉक्टरांचं नाव नोंदीत होतं. त्यांना आमचं घर ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी नवा नंबर कळवला. पट्ट्यावरही ठळक लिहून घेतला. चहाच्या टपरीवर कुठलं आलंय यंत्र?